तरुणांचे छंद आणि त्यांची माणसे

तरुण वयात मनाला उभारी देणाऱ्या दोन गोष्टी बहुधा जोडीने आढळतात : मनापासून जपलेला एखादा छंद आणि त्या छंदात सोबत असलेली माणसे. दोहोंपैकी एकच हाती असली तर तिचा आधार अपुरा पडतो. रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ही जोडी अजून गावोगाव टिकून आहे. ती कुठे विसकटू लागली आहे, हेही इथेच लख्ख दिसते.

खालापूर तालुक्यातले कुंभिवली हे खोपोलीजवळचे गाव सावरोली-खारपाडा रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात येते. पाताळगंगेच्या या खोऱ्याचे रूप पालटायला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरुवात झाली. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी वीज करून पाताळगंगेत उतरू लागले आणि नदी बारमाही झाली. पुढे खोपोलीत पोलाद आणि कागदाचे कारखाने आले, रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स उभी राहिली, पाताळगंगेची एमआयडीसी झाली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या तालुक्याच्या पोटातून गेला. भातशेती करणाऱ्या घरांतली दुसरी-तिसरी पिढी आता कंपनीत आहे, बहुतेकदा ठेकेदाराकडे. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्या आठवड्याला बदलतात. एका आळीत वाढलेले चार मित्र एकाच कंपनीत असले तरी चौघांची संध्याकाळ एकाच वेळी मोकळी मिळेल याचा भरवसा नाही. जे नोकरी-कॉलेजसाठी मुंबईकडे जातात त्यांचा दिवस कर्जत-खोपोली लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला. केळवली, डोलवली, लौजी या छोट्या स्थानकांवर सकाळी उभी असलेली मुले परत उतरतात तेव्हा अंधार पडलेला असतो. तरुणांच्या स्वास्थ्याचा विचार या भागात करायचा तर तो या मोडक्या-तोडक्या वेळांपासून करावा लागतो.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना काही आकड्यांवरून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या भारतीय मुलांत हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आरोग्य संघटनेच्याच २०२५ च्या अहवालाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. एकटेपणा हा म्हातारपणाचा त्रास मानला जातो, पण १३ ते २९ या वयात १७ ते २१ टक्के तरुण एकटे वाटत असल्याचे सांगतात. माणसांनी भरलेल्या घरात आणि गजबजलेल्या गावातही मुलगा एकटा असू शकतो, हे पालकांना पटायला जड जाते. आकडे मात्र तेच सांगतात.

काही मुले मोडतात आणि तशाच परिस्थितीतली काही सावरतात, असे का होते? या प्रश्नावरचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर झाला. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्माआधीपासून पुढे कित्येक दशके पाठपुरावा केला. ऊस आणि अननसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतली ही मुले होती. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजार असे अनेक ताण एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार, मायाळू आणि स्वतःवर विश्वास असलेली माणसे झाली. त्यांच्यात काही गोष्टी समान निघाल्या. घरात किंवा घराबाहेर, आजी असो वा शिक्षक, त्यांना मनापासून जीव लावणारे एक तरी मोठे माणूस होते. आणि त्यांना असा एखादा छंद होता की जो ती मित्रासोबत करत. घरी कितीही बिनसले तरी त्या छंदात त्यांना काहीतरी जमत होते, आणि ते जमले आहे हे पाहणारे कोणीतरी होते.

वर्नर यांच्या निष्कर्षातले ‘मित्रासोबत’ हे शब्द बहुतेक सल्लागार गाळून टाकतात. मुलाला गिटार घेऊन द्या, चित्रकलेच्या क्लासला घाला, असा सल्ला सोपा असतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते : आपण स्वतःहून काही निवडले आहे ही जाणीव, ते आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव. क्लास फार तर दुसरी भूक भागवतो. तिन्ही एका जागी भागवणाऱ्या गोष्टी कुंभिवलीच्या परिसरात शोधायच्या तर कबड्डीचे मैदान आणि भजनाचा मंडप आधी डोळ्यांपुढे येतात.

रायगडात कबड्डी हा गावाच्या अब्रूचा विषय आहे. खेळाचे नियम महाराष्ट्रात घडले, बुवा साळवी यांनी तो देशभर नेला आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावातल्या पोरांना टीव्हीवर आपल्याच मातीतला खेळ गादीवर दिसू लागला. मनाच्या दृष्टीने या खेळाची रचनाच महत्त्वाची आहे. चढाईला एकटा जातो, पण पकड बहुधा एकट्याने होत नाही. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू हातात हात गुंफून साखळी करतात, आणि समोरचा कधी वळेल हे दोघांना एकाच क्षणी कळावे लागते. ते कळण्यासाठी महिनोन्‌महिने एकत्र सराव लागतो. या वयातल्या मुलांना एकमेकांना आधाराचा स्पर्श करायला फारशा जागा नसतात. मनातले बोलणे तर दूरच. मैदानावर खांद्यावर हात पडतो, पडलेल्याला उचलले जाते, बाद झालेला मित्राच्या चढाईने पुन्हा आत येतो. बोलून दाखवता न येणारी आपुलकी खेळाच्या नियमांतच ठेवलेली आहे. दुसरी गोष्ट वयाची. गावच्या संघात सतरा वर्षांचा आणि बत्तिशीचा खेळाडू एकत्र असतात. धाकट्याला थोरला खेळाडू सरावाला का आला नाहीस म्हणून दरडावतो, आणि तोच त्याच्या बारावीच्या निकालाची चौकशीही करतो. वडिलांशी न बोलता येणाऱ्या गोष्टी या थोरल्याशी बोलता येतात. काउआईच्या अभ्यासातले ‘घराबाहेरचे मोठे माणूस’ इथे असे तयार होते, कोणी नेमणूक न करता.

टेनिस बॉलच्या क्रिकेटची गोष्ट थोडी वेगळी. भाताची कापणी-मळणी उरकली की कोरड्या पडलेल्या खाचरांचे बांध सपाट होतात, माती धुमसून पिच तयार होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावोगाव मॅचेस भरतात. कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक, रोख बक्षीस, ध्वनिक्षेपकावर समालोचन, अलीकडे यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही. खेळणाऱ्या अकरांच्या मागे मैदान आखणारे, गुण लिहिणारे, जेवण पाहणारे, वर्गणी गोळा करणारे पंधरा-वीस तरुण असतात, आणि ज्याला चेंडू नीट मारता येत नाही त्यालाही या गर्दीत काम आणि स्थान मिळते. बक्षिसाच्या रकमा वाढल्या तसे काही संघ बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणू लागले. सामने चुरशीचे झाले. गावातली पोरे मात्र दोरीबाहेर प्रेक्षक म्हणून उभी राहिली. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी याचा विचार करायला हवा, कारण त्यांच्या हातून नकळत गावाची एक जुनी सोय हिरावली जाते आहे.

त्याहून मोठी अडचण जमिनीची. खाचर विकले गेले की त्यावर कंपनीचे शेड येते किंवा फार्महाऊसची भिंत. कर्जत तालुक्यात तर बंगल्यांच्या प्रकल्पांनी नदीकाठ आणि माळ दोन्ही अडवले आहेत. उरते ते शाळेचे पटांगण आणि गुरचरण. तेवढी जागा ग्रामपंचायतीने राखली तर तिचा उपयोग कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरापेक्षा जास्त आहे. खेळाचे मैदान ही गावाची आरोग्यसेवा आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. जगभरात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असा आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. शिफारस दिवसाला सरासरी तासाभराची आहे, आणि तो तास घालवायला जागा लागते.

ज्यांना खेळात रस नाही त्यांच्यासाठी या भागात भजन आहे. वारकरी परंपरा रायगडात खोल रुजलेली. खालापूर तालुक्यातल्या साजगावला कार्तिकी एकादशीपासून भरणारी यात्रा बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणून ओळखली जाते. घरोघरी वर्षाची सुकी मासळी तिथून येते आणि देवाचे दर्शनही त्याच फेरीत होते. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत कुणी ना कुणी उभे लागतेच. पखवाज शिकणारा मुलगा डाव्या पुडीवर कणीक किती लावायची, ती सुकली की आवाज कसा उतरतो, गायकाने लय वाढवली की हात कसा सांभाळायचा हे बुवांच्या शेजारी बसून शिकतो. त्याला शिकवणी म्हणत नाहीत, फीही नसते. टाळकऱ्यांच्या रांगेत साठीचे आजोबा आणि नववीतला नातू एकाच तालात उभे राहतात. एका लयीत गाणाऱ्या, एकत्र पावले टाकणाऱ्या माणसांत आपलेपणा वाढतो, हे आता प्रयोगांतूनही दिसले आहे. भजनी मंडळांना ते प्रयोगांआधीपासून ठाऊक आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तीच मंडळे डब्यात जमतात आणि दोन तासांचा कंटाळवाणा प्रवास काही जणांच्या दिवसातला सर्वांत मोकळा वेळ होतो.

डोंगर चढण्याचा छंद या तालुक्यांना निसर्गानेच दिलेला. इर्शाळगड, माणिकगड, कोथळीगड, सोंडाई हे किल्ले उंबऱ्याशी आहेत. खोपोलीची यशवंती हायकर्स ही संस्था गिर्यारोहणाच्या आवडीतून उभी राहिली. दरीत पडलेल्याला किंवा धबधब्यात अडकलेल्याला काढायचे असेल तर पोलीस आणि महसूल यंत्रणा अशाच स्थानिक गिर्यारोहकांना हाक मारतात. दोर, गाठी, कडा, पाऊस यांची जाण आवडीपोटी आलेली असते, पण ती कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडते तेव्हा तरुणाच्या मनात स्वतःबद्दलचा आदर वाढतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडली नाहीत आणि चौथ्या दिवशी, २३ जुलैला, शोधकार्य थांबवण्यात आले. त्या अंधारात, धो धो पावसात, गाडी जाऊ शकत नाही अशी चढण चढून मदतीला गेलेल्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर या परिसरातले गिर्यारोहकही होते. त्या रात्री वाडीच्या शाळेत जमलेली काही तरुण मुले वाचली आणि त्यांच्याकडूनच खाली खबर गेली, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. शिक्षणासाठी आश्रमशाळेत राहणारी मुलेही वाचली, पण त्यांची घरे आणि घरातली माणसे उरली नाहीत. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने घरे बांधली. एवढ्या मोठ्या आघातानंतर मुलांना काय लागते, याबद्दल आपत्तीनंतरच्या मदतकार्याचा अनुभव जगभर सारखा आहे : सुरक्षित जागा, ओळखीची माणसे आणि रोजचा ठरलेला क्रम लवकरात लवकर परत मिळणे. शाळा सुरू होणे, खेळ सुरू होणे, सण पूर्वीसारखा साजरा होणे हे दुय्यम वाटते, पण मन सावरण्याचे बरेचसे काम त्यातूनच होते. घर बांधून देणाऱ्या यंत्रणेने वाडीच्या नाचाची आणि खेळाची जागाही आराखड्यात धरायला हवी. ती मागायला कुणी पुढे येत नाही, म्हणून ती राहून जाते.

आश्रमशाळेतल्या मुलांचा प्रश्न एरवीही वेगळा आहे. ठाकर आणि कातकरी घरांतली मुले सहा-सात वर्षांची असताना घरापासून दूर राहायला जातात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करतात, मुले बरोबर गेली तर शाळा तुटते, मागे राहिली तर घर तुटते. ओढ्यातले मासे धरणे, खेकड्यांची बिळे ओळखणे, रानभाज्या आणि कंद हुडकणे, ढोलाच्या तालावर फेर धरणे या गोष्टींत ही मुले तरबेज असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात यांतल्या कशालाच रकाना नाही. ज्या मुलाला जंगलात सगळे जमते आणि वर्गात काहीच जमत नाही असे सांगितले जाते, त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळणार हे उघड आहे. त्याचे रानातले ज्ञान वर्गापुढे मांडायला सांगणारा एक शिक्षक भेटला तरी चित्र बदलू शकते.

मुलींची बाजू लिहिताना मैदान आणि मंडप यांची सगळी स्तुती पुन्हा तपासावी लागते, कारण त्या दोन्ही ठिकाणी मुली कमीच दिसतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात, तर पुरुष ९७ मिनिटे. ही दरी लग्नानंतर सुरू होत नाही, दहावीतल्या मुलीच्या संध्याकाळीच ती दिसते. भाऊ सरावाला जातो तेव्हा बहीण भाकऱ्यांचे पीठ मळते. गौरी-गणपतीतले फेर, फुगड्या, झिम्मा ही वर्षातून थोडक्या रात्रींची मोकळीक. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेपासून महिला कबड्डीलाही पदक आहे आणि शाळांच्या संघांत या तालुक्यांतल्या मुली जिद्दीने खेळतात, पण दहावी-बारावीनंतर बहुतेकींचा खेळ सुटतो. खेळाबरोबर मैत्रिणीही सुटतात, कारण भेटायचे निमित्तच उरत नाही. कॉलेजला मिनीडोर रिक्षाने जाण्यायेण्याचा वेळ हाच मग त्यांचा गप्पांचा वेळ. मुलींसाठी ठरलेली वेळ, उजेड असलेले मैदान आणि घरापर्यंत सोबत एवढी तजवीज गावाने केली तर आणखी कुठल्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून चालत आलेली, मुलींना शिबिरासाठी सात दिवस घराबाहेर राहण्याची परवानगी मिळवून देते. शिबिरातल्या श्रमदानाइतकीच ही परवानगी मोलाची.

मोबाइलला सगळा दोष देण्याची पद्धत पडली आहे. पाळीवरून मध्यरात्री परतलेल्या मुलाला त्या वेळी जागा असलेला मित्र फक्त मोबाइलवरच भेटतो. एकत्र खेळलेला ऑनलाइन खेळ, गावच्या मॅचचे व्हॉट्सअॅप गटावरचे बेत, पखवाजाचे बोल पाहून शिकण्यासाठी लावलेली चित्रफीत यांत सोबत आहे. तासन्‌तास एकट्याने रील सरकवण्यात ती नाही, आणि झोप मोडते ती वेगळीच. चौदा ते सतरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती सतत तुटली की चिडचिड आणि उदासी वाढते, मग छंदही नकोसा होतो.

छंदाला बाहेरून बक्षीस चिकटवण्याचाही तोटा असतो. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांना प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखवले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे कमी वळली. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, खेळ आणि लोककला यांना दहावीत वाढीव गुण आहेत. कलाशिक्षक आणि क्रीडाशिक्षक टिकले ते काही अंशी या गुणांमुळे, हे मान्य करावे लागते. मात्र ग्रेड मिळाल्यावर रंगपेटी माळ्यावर गेली, तर छंद तिथेच संपला.

छंद आणि माणसे यांचा आधार उपचारातही वापरला जातो. गोव्यात संगत या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ नैराश्यग्रस्तांसोबत एक चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली कामे, आवडी आणि माणसे पुन्हा धरायला मदत केली. नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळालेल्यांत नैराश्य अधिक उतरले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मन उत्साही झाल्यावर माणूस कामाला लागतो असे आपण धरून चालतो. इथे क्रम उलटा लावला जातो, आधी छोटी कृती आणि मागून उत्साह.

तरीही सरावाने किंवा भजनाने प्रत्येक दुखणे बरे होईल असे मानणे धोक्याचे आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ टिकणारी उदासी, आवडीच्या गोष्टीतून उडालेले मन, झोप आणि भूक यांत मोठा बदल, नशेकडे वळणे, मरणाची भाषा ही लक्षणे दिसली तर आरोग्यसेवेची गरज असते. हे बदल बहुधा घरच्यांआधी सोबत्यांच्या लक्षात येतात : सरावाला न चुकता येणारा येईनासा होतो, गटावर उत्तर देत नाही, किट कुणाला तरी देऊन टाकतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून तयार करण्याची कल्पना याच निरीक्षणावर आधारलेली आहे. सरकारी रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना मोफत सल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य उपलब्ध आहे. नाईट शिफ्टवरून सुटलेला मुलगाही तो फोन लावू शकतो. मित्राला ‘सांभाळ स्वतःला’ म्हणण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून तो क्रमांक लावून देणे किंवा त्याला गाडीवर बसवून रुग्णालयात नेणे जास्त उपयोगी. कबड्डीच्या संघातल्या, भजनी मंडळातल्या, ट्रेकच्या गटातल्या प्रत्येकाला एवढी माहिती असायला हवी, आणि ती द्यायला सरावाआधीची दहा मिनिटे पुरतात.